धुकं तसंच ठेवायचं : 'व्हाम्पीर' घरी दाखवण्याच्या नोंदी

१० मार्च

डॅनिश दिग्दर्शक कार्ल थिओडोर ड्रेयरचा 'व्हाम्पीर' (१९३२) हा भयपट नागपूरच्या लक्ष्मीनगरातल्या आमच्या हॉलमध्ये, मराठी सबटायटल्स लावून, दहा-बारा जणांना दाखवायचा आहे. विदर्भात कुणी असंच काही करू पाहत असेल तर त्याला उपयोगी पडाव्यात म्हणून या नोंदी. चित्रपटाचा अर्थ उलगडणं हे इथलं काम नाही. काय अडलं, कशानं सुटलं, पैसे नि वेळ कुठे गेले, ते लिहीन.

थोडी ओळख मात्र हवी, कारण पुढची बहुतेक दुरुस्ती तिच्याशीच जोडलेली आहे. ॲलन ग्रे नावाचा तरुण नदीकाठच्या एका खाणावळीत मुक्कामाला येतो. तिथे सावल्या माणसांना सोडून हिंडतात, खड्डा खणणाऱ्याची सावली उलटी चालते, एका म्हाताऱ्या गृहस्थाच्या दोन मुलींपैकी एक दिवसेंदिवस खंगत चालली आहे. गोष्ट सांगण्याची घाई कुणालाच नाही. ड्रेयरनं १९३०-३१ मध्ये हे सगळं फ्रान्समध्ये खऱ्या जागांवर चित्रित केलं, बरंचसं कूर्तांप्येर इथल्या एका जुन्या गढीत. पैसा निकोलस द गुंझबुर्ग या तरुण सरदाराचा. नायकही तोच, 'ज्युलियन वेस्ट' या नावानं. बाकी बहुतेक कलाकार हौशी. डॉक्टरची भूमिका करणारे गृहस्थ तर पॅरिसच्या मेट्रोत सापडले.

आणि सगळ्यात महत्त्वाचं : छायालेखक रुडॉल्फ माटे यानं कॅमेऱ्यापुढे सुमारे तीन फुटांवर जाळीचं पातळ कापड धरून चित्रण केलं. सुरुवातीच्या चित्रणात लेन्सवर नको तो उजेड पडून चित्र करडं आलं होतं, ते पाहून ड्रेयरला हवा तो पोत सापडला आणि पुढे तोच त्यानं जाणूनबुजून राखला. या चित्रपटात काळं पूर्ण काळं होत नाही, पांढरं पूर्ण पांढरं होत नाही. आजचं प्रत्येक यंत्र मात्र ते 'नीट' करायला टपलेलं असतं. माझं सगळं काम त्या नीट करण्याला अडवण्याचं आहे.

२४ मार्च

प्रती तपासल्या. मूळ निगेटिव्ह हरवलेली आहे. चित्रपट जर्मन, फ्रेंच नि इंग्रजी अशा तीन भाषांसाठी काढला होता. चित्रण मूक करून आवाज नंतर बर्लिनमध्ये भरले. १९९८ मध्ये जुने चित्रपट जतन करणारे मार्टिन कोर्बर यांनी उरलेल्या जर्मन आणि फ्रेंच प्रतींमधून जर्मन आवृत्ती पुन्हा उभी केली. म्हणजे चांगल्यात चांगल्या प्रतीतही ओरखडे आहेत, आवाजात खरखर आहे. ती असणारच.

इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या प्रती शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. एकीत चौकट ४:३ करायला चित्र वरून-खालून छाटलं आहे. मूळ चौकट १.१९:१, जवळजवळ चौरस. सुरुवातीच्या बोलपटांत फिल्मच्या कडेला ध्वनिपट्टी आल्यानं चित्राची रुंदी कमी झाली, त्या काळाची ही खूण. छाटलेल्या प्रतीत माणसांच्या डोक्यावरचं छत जातं, आणि या चित्रपटात छतावर, भिंतीवर जे सरकतं तेच पाहायचं असतं. दुसरीत कॉन्ट्रास्ट इतका चढवला आहे की चेहरे खडूसारखे झालेत. तिसरी 'स्वच्छ' केलेली. तिच्यात भिंतीचा गिलावा पुसट झाला, आणि सावली गिलाव्यावरून जाताना जी खडबडीत दिसते ती गुळगुळीत झाली.

पारख करायला मी एक जागा धरली. शवपेटीच्या झाकणाला काचेची खिडकी आहे. आपण आतून वर पाहतोय. मेणबत्ती काचेवर ठेवली जाते, मेणाचा ओघळ काचेवर पडतो, आणि मग म्हातारी वाकून आत बघते. काच, मेण, चेहरा, हे तीन थर वेगवेगळे दिसले तर प्रत बरी. कॉन्ट्रास्ट चढवलेल्या प्रतीत मेण आणि चेहरा एकच पांढरा गोळा होतात. प्रत घेणाऱ्यानं आधी हीच जागा बघावी, बाकी चित्रपट नंतर.

फुकटच्या एकाही प्रतीवर काम भागणार नाही. डिस्क विकत घ्यायची.

१३ एप्रिल

अमेरिकी ब्लू-रे मागवली, वापरलेली. डिस्क २,४०० रुपये, टपाल १,५५०, सीमाशुल्क आणि कुरिअरवाल्यांचं शुल्क मिळून १,३८०. पार्सल मध्येच थांबलं, केवायसीचे कागद पुन्हा पुन्हा मागितले गेले, सगळं मिळून जवळजवळ तीन आठवडे गेले. ऑर्डर देताना आधारवर आहे तसंच्या तसं नाव टाकावं. आडनावाचं स्पेलिंग वेगळं असलं की पार्सल अडतं.

सोबत पटकथेचं पुस्तक आहे, त्यातच आयरिश लेखक शेरिडन ल फानूची 'कार्मिला' ही कथा छापली आहे. ड्रेयरनं ल फानूच्या १८७२ च्या कथासंग्रहाचा आधार घेतला होता. पटकथा चित्रणाआधीची असल्यानं पडद्यावरच्या चित्रपटाशी ती सगळीकडे जुळत नाही. सबटायटलला तिच्यावर विसंबू नये; पण अंधुक दृश्यात कोण कुठल्या दारातून आलं हे कळायला फार उपयोगी पडली.

पुढची अडचण विभागाची : डिस्क ज्या विभागासाठी काढलेली असते तिथल्याच प्लेअरवर चालते. ही ब्लू-रे 'ए' विभागाची, भारत 'सी' विभागात. घरच्या प्लेअरनं डिस्क घेतली आणि बाहेर काढली. सीताबर्डीच्या बाजारात मोदी नंबर दोन या गल्लीच्या आसपास विचारत फिरलो. एका दुकानदारांनी आपुलकीनं सांगितलं, "भाऊ, डिस्कच्या मागं काऊन लागले तुम्ही? पेनड्राइव्हवर टाकून आणा ना जी, सगळ्या टीव्हीवर चालते." शेवटी संगणकाला जोडायचा बाहेरचा ब्लू-रे ड्राइव्ह घेतला, ८,२०० रुपये. या साऱ्यातला सर्वात मोठा खर्च हाच. डीव्हीडी वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की ड्राइव्हवर डीव्हीडीचा विभाग पाचदाच बदलता येतो, मग तो कायमचा अडकतो. कुठल्या विभागाच्या डिस्का जास्त घेणार ते ठरवूनच बदला.

१९ मे

प्रोजेक्टरची पहिली चाचणी, आणि ती फसली.

प्रोजेक्टर जुना, १०८० रेषांचा डीएलपी (बारीक आरशांच्या चिपवरून चित्र टाकणारा), मित्राचा. संध्याकाळी सात वाजता हॉलमधला पारा ४१ वर होता. पुस्तिकेत मर्यादा ३५ ची लिहिली आहे. अर्ध्या तासात तांबडा दिवा लागून यंत्र बंद पडलं. कूलर सुरू केला, तोंड प्रोजेक्टरकडे केलं; यंत्र चाललं, पण आवाज गेला.

इथे जरा सविस्तर लिहितो, कारण उन्हाळ्यात नागपूरच्या घरात कुणीही शांत चित्रपट लावेल तर हेच होईल. 'व्हाम्पीर'मध्ये संवाद अगदी मोजके आहेत. बाकी वोल्फगांग त्सेलरचं संगीत, पावलं, दार, आणि लांबून येणारे काही आवाज. एका ठिकाणी कुत्री भुंकतात, मूल रडल्यासारखं ऐकू येतं. ग्रे डॉक्टरला मुलाबद्दल विचारतो. डॉक्टर सांगतो, इथे मूल नाही. तो कुत्र्यांचं विचारतो. इथे मुलंही नाहीत, कुत्रीही नाहीत. झालं, दृश्य संपलं. भीती सगळी तिथे आहे : आपण स्वतःच्या कानांनी जे ऐकलं ते नव्हतंच, असं समोरचा माणूस शांतपणे सांगतो. कूलरच्या घरघरीत ते भुंकणं ऐकूच येत नाही. मग डॉक्टरचं उत्तर प्रेक्षकाला नुसतं विचित्र वाटतं, त्याखालची जमीन सरकत नाही. आवाज वाढवला तर खरखर वाढते आणि संगीत अंगावर येतं. वाळ्याची ताटी बदलून पाहिली, पंप बंद ठेवून नुसता पंखा लावून पाहिला. फरक नगण्य.

निर्णय : उन्हाळ्यात दाखवायचं नाही. डिसेंबर. तोवर बाकीची कामं.

९ जून

करड्या रंगाची चाचणी.

लॅपटॉप एचडीएमआयनं जोडला तर सगळंच धूसर दिसत होतं. प्रश्न असा, की हे धुकं ड्रेयरचं की तारेतलं? उजेडाचे आकडे ० (काळं) ते २५५ (पांढरं) असे असतात. लॅपटॉप त्यातल्या १६ ते २३५ या मर्यादेत चित्र पाठवत असेल आणि प्रोजेक्टर ० ते २५५ धरून बसला असेल, तर काळं राखाडी होतं. उलट जुळणी झाली तर अंधारातलं सगळं बुडतं. इतर चित्रपटात हा घोळ लगेच कळतो. इथे कळत नाही, कारण चित्रपट मुळातच राखाडी.

उत्तर चौकटीत सापडलं. १.१९ चं चित्र १६:९ पडद्यावर टाकलं की डावी-उजवीकडे रुंद काळे पट्टे येतात. ते पट्टे चित्रपटाचे नाहीत, त्यांच्यावर जाळी धरलेली नाही; ते पूर्ण काळेच असायला हवेत. आधी प्रोजेक्टरच्या स्वतःच्या 'ब्लँक' सोयीनं पडदा कोरा काळा करून पाहायचा (लॅपटॉपवरची काळी प्रतिमा त्याच तारेतून येते, ती चालणार नाही), मग चित्रपट. पट्टे त्या कोऱ्या काळ्याइतकेच काळे आणि चित्र करडं, तर धुकं ड्रेयरचं. पट्टेही करडे, तर मर्यादा बदला. माझे पट्टे करडे होते. लॅपटॉपच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये 'फुल' (० ते २५५) केलं, प्रोजेक्टरवरही तेच, आणि दोन्ही नीट वेगळे झाले.

डायनॅमिक कॉन्ट्रास्ट बंद, शार्पनेस शून्य, हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद, नॉइज रिडक्शन बंद. डायनॅमिक कॉन्ट्रास्टनं सगळ्यात जास्त नुकसान होत होतं. खंगत चाललेली लेओन, म्हणजे झिबिले श्मित्झ, पलंगावरून खोलीत नजर फिरवते आणि तिचा चेहरा हळूहळू बदलत जातो. ओठांवर एक भुकेलं हसू येतं. त्या शॉटमध्ये प्रोजेक्टर आपल्या मनानं दिवा कमी-जास्त करायचा. चेहऱ्यावरचा बदल नटीचा की दिव्याचा, सांगता येईना. बंद केल्यावर पाहिलं, आणि तो पूर्ण बदल तिच्या एकटीचा आहे. तेवढ्यासाठी हे सगळं काम करायला माझी तयारी आहे.

आई मागे येऊन उभी होती. "हे काय मळकं-मळकं पाहून राहिला? उजेड वाढव ना थोडा." मी शवपेटीची जागा दोन्ही सेटिंगमध्ये दाखवली. ती म्हणाली, "हं, याच्यात ते मेण दिसते." परीक्षा पास.

२१ जुलै

सबटायटल. संवाद थोडे असल्यानं ते पटकन झाले. महिना खाल्ला पुस्तकाच्या पानांनी. म्हातारा गृहस्थ ग्रेला बांधलेलं पुडकं देतो, माझ्या मृत्यूनंतर उघडा असं त्यावर लिहितो. आत रक्तपिपासू मृतांविषयीचं जुनं पुस्तक. पुढे वारंवार त्याची पानं पडदाभर येतात, जर्मन वळणदार छापील अक्षरांत. आधी मराठी मजकूर पानावरच टाकला. फिकट पानावर पांढरी अक्षरं दिसेनात. काळी पट्टी दिली तर पानच झाकलं गेलं. ही पानं चित्रच आहेत, कागदाचा डाग आणि घडी धरून, त्यामुळे तो मार्ग सोडला.

मग सगळं चित्रच लहान केलं. १०८० रेषांपैकी ९०० रेषांत चित्र, खाली १८० रेषांची मोकळी काळी पट्टी, मराठी तिथे. आता चित्राला कुठेच अक्षर शिवत नाही. चित्र लहान झालं याचं वाईट वाटलं, पण दोन दिवसांत डोळे सरावले.

मराठी ओळ जर्मनपेक्षा लांब होते. दोन ओळी, ओळीत ३५ च्या आसपास अक्षरं, याच्या पुढे गेलो की प्रेक्षक चित्र सोडून वाचत बसतो. पानांवरचा मजकूर दोन-दोन ओळींत तोडून, पान जितका वेळ टिकतं त्यात विभागला. जिथे बसत नव्हता तिथे विशेषणं कापली.

अक्षरांचा रंग हाही मुद्दा निघाला. शुभ्र पांढरी अक्षरं चित्रातल्या कुठल्याही उजेडापेक्षा उजळ होती. खाली ओळ उमटली की डोळा तिकडे ओढला जायचा आणि परत वर आल्यावर चित्र आणखी अंधारं भासायचं. २५५ वरून १६० वर आणली. मधल्या करड्या रंगाची अक्षरं वाचता येतात आणि चित्रावर मात करत नाहीत.

१८ ऑगस्ट

टीव्हीला पेनड्राइव्ह लावून पाहिला : जोडाक्षरं सुटी, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे, 'र्‍या'च्या जागी चौकोन. पुष्कळ टीव्हींचे आतले प्लेअर देवनागरी नीट जुळवत नाहीत. संगणकावर एएसएस या सबटायटल-स्वरूपातली फाइल आणि नोटो सान्स देवनागरी हा फाँट दिल्यावर प्रश्न मिटला.

टीव्हीसाठी अक्षरं चित्रातच छापून वेगळी फाइल काढली, तर नवाच दोष आला. धुक्याच्या जागी पायऱ्या. एका करड्यातून दुसऱ्या करड्यात हलके जाणारे भाग ८ बिटच्या, म्हणजे कमी छटा मावणाऱ्या, फाइलमध्ये नकाशावरच्या उंचीच्या रेषांसारखे तुटक पट्टे होऊन बसले. होडीच्या दृश्यात नदीवर ते उघड दिसतात. १० बिटमध्ये, मोठ्या बिटरेटनं पुन्हा काढल्यावर पट्टे गेले. रात्रभर संगणक चालला आणि फाइलचा आकार तिपटीवर गेला. जागा वाचवायला जाऊ नका. या चित्रपटात वाचवलेला प्रत्येक एमबी धुक्यातूनच कापला जातो. प्रत्यक्ष दाखवताना लॅपटॉपवरूनच चालवायचं, छापील फाइल फक्त उसनी द्यायला.

डिस्क आणि पुस्तक पावसाळ्यासाठी गोदरेजच्या कपाटात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत.

३ सप्टेंबर

कापड घ्यायला गांधीबागेत निघालो, आणि आज मारबत, म्हणजे पोळ्यानंतरची मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक. इतवारी-महालाचे रस्ते माणसांनी भरलेले, काळी-पिवळी मारबत नि बडगे पाहत उभा राहिलो. कापड राहिलं.

७ सप्टेंबर

काळी मखमल घेतली, अडीच मीटर, १९० रुपये मीटर. डीएलपीचा 'काळा' खरं तर गडद करडा असतो. चित्राच्या दोन्ही बाजूंना तो मंद उजळत राहतो आणि चित्रातला करडा त्याच्यापुढे मेल्यासारखा दिसतो. बाजूंना मखमल लावली की तो उजेड कापड पिऊन टाकतं. माप असं : पडदा २०० सेंमी रुंद, ११२ उंच; त्यावर चित्र ११२ रुंद, ९४ उंच. म्हणून बाजूचे दोन तुकडे प्रत्येकी ४४ बाय ९४. खालची पट्टी मोकळी, तिथे मराठी.

शिंप्याकडे शिवायला टाकली. त्यांनी विचारलं, "लव वर ठेवू का खाली?" मी म्हटलं, दिव्यासमोर जास्तीत जास्त काळं दिसायला हवं. "मंग वर ठेवा जी. खाली केली तर चमकते." घरी दोन्ही तऱ्हेनं धरून पाहिलं, त्यांचं खरं होतं. शिलाई १२०, प्लायची चौकट आणि वेलक्रो मिळून ४६०.

८ डिसेंबर

दिवाळीआधीपासून काम बंद होतं, आज पुन्हा चाचणी. पंखाही नको इतका गारवा, प्रोजेक्टर थंड. मध्येच लाइट गेली आणि इन्व्हर्टरवर आलो तर स्पीकरमध्ये भणभण सुरू झाली. आमचा इन्व्हर्टर चौकोनी लाटेचा. ट्यूबलाइटला चालतो, ध्वनीला नाही. वेगळा साइन वेव्ह इन्व्हर्टर घेण्याइतके पैसे आता उरले नाहीत. वरच्या मजल्यावरच्या काकांकडे तसा आहे. त्यांनी स्वतःहूनच म्हटलं, "वायर खाली सोड खिडकीतून, त्याच्यात काय एवढं." त्यांनाही बोलावलं आहे.

२२ डिसेंबर

दाखवला. चौदा जण आले. मी आधी तीनच गोष्टी सांगितल्या : चित्र मुद्दाम करडं आहे, आवाज मुद्दाम हळू आहे, गोष्ट पकडायला धावू नका. १९३२ च्या मे महिन्यात बर्लिनमध्ये पहिल्या खेळाला लोकांनी हुर्यो केली होती आणि त्यानंतर ड्रेयरचा पुढचा मोठा चित्रपट यायला १९४३ साल उजाडलं, हे शेवटी सांगायचं म्हणून राखून ठेवलं.

कुत्र्यांच्या जागी माझं लक्ष पडद्याकडे नव्हतं, लोकांकडे होतं. भुंकणं आलं तेव्हा दोघांनी खिडकीकडे मान वळवली. त्यांना ते बाहेरचं वाटलं. डॉक्टरनं "कुत्री नाहीत" म्हटल्यावर त्यातल्या एकीनं शेजारणीचा हात धरला. मे महिन्यात दाखवला असता तर हे झालं नसतं.

पिठाच्या गिरणीत डॉक्टर पांढऱ्या पिठाखाली बुडत जातो ते दृश्य जर्मन सेन्सॉरनं तेव्हा काही अंशी कापायला लावलं होतं. कापलेला भाग वेगळा मिळतो. चित्रपट संपल्यावर तो लावला. मध्ये घालून दाखवायचा विचार होता, पण जुळवलेल्या आवृत्तीत आपण हात घालू नये असं ठरवलं. चहा-पोह्यांच्या वेळी वरचे काका म्हणाले, त्यांनी विद्यार्थीदशेत एका फिल्म सोसायटीत सोळा मिलिमीटरवर हा पाहिला होता, आणि तेव्हा निम्मं काही दिसलंच नव्हतं. ते बराच वेळ शवपेटीतून दिसणाऱ्या झाडांविषयी बोलत होते.

सगळ्यांना सगळं आवडलं असं नाही. दोघं मध्येच कंटाळून मोबाइल बघत होते. त्या मोबाइलचा उजेड मखमलीवर स्पष्ट पडत होता. पुढच्या वेळी मोबाइल दाराशी ठेवायला सांगणार.

२९ डिसेंबर

सबटायटलमध्ये सुधारणा. कुत्र्यांच्या संवादाची ओळ आवाजाच्या थोडी आधी येत होती, ती आठ दशांश सेकंद उशिरा केली. उत्तर आधी वाचलं गेलं की सगळं संपतं. पुस्तकाच्या दोन पानांवर लोक मागे पडले, तिथला मजकूर आणखी आखूड केला.

अमरावतीच्या एका मैत्रिणीला ही फाइल हवी आहे. तिच्याकडे डिस्क आहे, प्रोजेक्टर एलईडीचा, आणि त्यावर डायनॅमिक कॉन्ट्रास्ट बंद करायची सोयच नाही. तिनं लॅपटॉप जोडून टीव्हीवरच दाखवावा असं आम्ही फोनवर ठरवलं. टीव्ही उजळ असतो म्हणून अक्षरांचा रंग १६० वरून १३० वर आणून वेगळी एएसएस फाइल पाठवली, आणि पट्टे आधी तपासून घे असं कळवलं.